रकाना क्रमांक सात

फॉर्म बत्तीस पानी आहे, मॅडम.
कालपासून भरतोय, आधी पेन्सिलीने,
कारण तुमचा हिशोब शाईत बसत नाही.

प्रा. निलांबरी अत्तरदे. विषय: मालमत्तेचा कायदा.
सेवा: एकोणीस वर्षे. रजा: शिल्लक भरपूर.
संशोधन लेख: तीन.
त्यातला एक 'स्वीकृत' आहे
गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून.

आणि मग दर मंगळवारचे साडेचारशे शब्द,
पेपराच्या सहाव्या पानावर, राशिभविष्याच्या डोक्यावर.
पाच वर्षांचे मोजले मी: दोनशे एकेचाळीस.
भाड्याची पावती. ग्रॅच्युइटी. सोसायटीचा पार्किंगचा तंटा.
मृत्युपत्रावर सही घेताना जावयाला खोलीबाहेर का पाठवावं.
हे सगळं रकाना सातमध्ये जातं: 'इतर'.
इतरला गुण नाहीत.
इतरला फक्त जागा आहे, दोन ओळींची.

खासनीस सर म्हणाले, चहा बशीत ओतत,
'विद्वानाने इतकं समजेलसं लिहू नये.
समजलं की लोकांना वाटतं, आपल्यालाही येतं.'
स्टाफरूम हसली. तुम्हीही हसलात.
पण मंगळवारी अकराच्या आत
सहावं पान तेवढं गायब असतं.
शिपाई सांगतो, सरांच्या खणात.

वर्गातली पोरं पूर्वी विचारायची, 'परीक्षेला येईल का?'
आता विचारतात, 'माझ्या आत्याला लागू होईल का?'
आत्या तर थेट गेटवरच येतात.
परवा भोसरीहून एक आल्या, दोन बस बदलून,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत तुमचं कात्रण.
मी म्हटलं, मावशी, हे कॉलेज आहे, वकिलाचं ऑफिस नव्हे.
म्हटलं, आणि खुर्ची पुढे केली.

मार्चमधली ती दुपार मला आठवते.
यास्मिन बागवान आली, तुमची जुनी विद्यार्थिनी,
शिवाजीनगर कोर्टातून तडक, काळा कोट दंडावर,
हातात निकालाची नक्कल. परिच्छेद चौदा.
'पावती देणाराच पावती देत नसेल,
तर पावती नाही हा दोष कुणाचा?'
तुमचं वाक्य. काना-मात्रेसकट.
नाव नाही, अवतरणचिन्ह नाही.
आणि त्याच्या शेपटीला तुमची चूकसुद्धा:
कलम एकोणीसच्या जागी एकोणतीस,
सोमवारी रात्री, डोळे मिटत असताना झालेली.
पुढच्या मंगळवारी दुरुस्ती आली होती, तळाला, मुंगीएवढी.
ती कुणी वाचली नाही. न्यायाधीशांनीही नाही.

यास्मिन नाचायचीच बाकी होती. 'मॅडम, तुम्ही कोर्टात पोचलात!'
तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात.
'जर्नलवाल्यांनी दोन वर्षं लावली असती,' म्हणालात,
'पण ही चूक त्यांनी सोडली नसती.'
मी मध्ये बोलू नये, तरी बोललो,
'आणि दोन वर्षं ती बाई कुठे राहिली असती?'
उत्तर दिलं नाहीत.
त्या संध्याकाळी टेकडीवर न जाता
लायब्ररीच्या जिन्यात बसून होतात,
रखवालदाराने दिवे घालवेपर्यंत.

तेव्हापासून सोमवारी रात्री मजकूर आधी मला येतो.
बायको ताटं वाढते, मी कलमांचे आकडे ताडतो,
मी, भालेकर, बी.कॉम., दुसरा वर्ग.
एकदा तारीख चुकलेली सापडली
तर मुलाला उठवून दाखवली.
जर्नलात याला तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात ना?
माझ्याही फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

असो. पाचला आवक-जावक बंद होते,
विद्यापीठाची गाडी थांबत नाही.
सातव्या रकान्यात मी सध्या लिहून ठेवलंय:
'दोनशे एकेचाळीस लेख.
एक चूक, न्यायालयाने ग्राह्य धरलेली.'
खोडरबर वरच्या ड्रॉवरमध्ये आहे.
शाईचं पेनही.