काळ्या कोपऱ्याचा कागद

रापण ओढताना दोर जड झाला तेव्हा
तांबळडेगच्या लोकांना वाटलं, बांगडा.
निघाला तो.
निळी विजार, कमरेला गोफ, गोफात एक चावी.
धाकू सनयेने डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्यावर टाकला,
म्हणाला, ‘कोणाचो तरी झील आसतलो.’
पंचनाम्यात मी लिहिलं: अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस.
बोटांचे ठसे: घेता आले नाहीत.
माशांनी आधीच घेतले होते.

साहेबांनी एकदा चहा पिताना समजावलेलं:
लाल कोपरा पळालेल्याचा,
पिवळा हरवलेल्याचा,
काळा सापडलेल्याचा,
ज्याला कोणी शोधतंय की नाही तेच ठाऊक नाही.
‘आणि शिरसाट, लाल म्हणजे वॉरंट नव्हे.
एका देशाने बाकीच्यांना घातलेली हाळी.
कोण ओ देतो, कोण देत नाही.’

माझ्या टेबलामागे भिंतीवर एक लाल आहे.
पतपेढ्या बुडवून गेलेला. कोट, टाय, हसरा.
नावं पाच, जन्मतारखा दोन, भाषा चार.
याच्या फॉर्मवर मी रकान्यामागून रकाने
एकच शब्द लिहीत गेलो, ‘अज्ञात’,
आणि अक्षर मुद्दाम चांगलं काढलं.

कागद गेला. देवगड, ओरोस, मुंबई, दिल्ली,
तिथून फ्रान्स, तिथून म्हणे सगळ्या जगाला.
दात: वरचा डावा सुळा सोन्याचा.
खूण: उजव्या दंडावर गोंदण, लिपी अवगत नाही.
मौलवींनी पाहिलं, अरबी नव्हे म्हणाले.
शाळेच्या मास्तरांनी फोटो उलटा धरूनही पाहिला.

जाळायचं नसतं अशांना.
उद्या कोणी आलंच तर हाडं लागतात.
सुरूच्या बनामागे पुरला,
वर सिमेंटचा खांब, खांबावर नंबर.

सर्वपित्रीला धाकू ठाण्यात. ‘भटाक नाव काय सांगू?’
मी फाईल उघडून अकस्मात मृत्यूचा नंबर दिला.
भटजी हसले नाहीत.
म्हणाले, गोत्र ठाऊक नसलं की काश्यप लावतात.
बरं वाटलं. आमच्या फॉर्मात अशी सोय नाही.
वाडी कावळ्याने लगेच नेली.
यावरून काही सिद्ध होत नाही.

अकरा महिन्यांनी एका देशाचं उत्तर.
त्यांच्याकडे एक पिवळा आहे: बोटीवरचा स्वयंपाकी,
वय पस्तीस, सोन्याचा दात.
इथवर मी उभ्याने वाचलं, मग बसलो.
पण त्यांचा सुळा उजवा. दंड कोरा.
जुळत नाही. खाली आभार.

म्हणजे तिकडेही कोणी हवालदार
माझा कागद उजेडाकडे धरून बसला असेल,
आणि बाहेर बाकावर एक बाई.
‘जुळत नाही’ ऐकून ती सुटली असेल
की पुन्हा पहिल्यापासून अडकली असेल,
हे उलट टपाली विचारावंसं वाटलं.
तेवढी जागा नसते.

चावी मुद्देमालात आहे.
एका रात्रपाळीत ठाण्यातल्या सगळ्या कुलपांना लावून पाहिली,
आणि (हे नोंदीत नाही) घरच्या ट्रंकेलाही.
खारी हवा, लोखंड धरत नाही.
महिन्यातून एकदा पाकीट फोडतो,
शिवणयंत्राचं दोन थेंब तेल घालतो, पुसतो,
पुन्हा लाख लावून
सही करतो.