अडीच वीत

आमच्याकडे कायदा असा होता:
शेजाऱ्याचं मूळ तुमच्या हद्दीत आलं, तर खुशाल तोडा.
फांदी आली, तर आधी त्याला विचारा.
असं का, ते कुणी सांगत नाही.
माझा नवरा म्हणायचा, फांदी दिसते म्हणून.
दिसणाऱ्या गोष्टीत माणसाचा जीव अडकतो.

तोकुनागांचा बांबू
वरून माझ्या पन्हळीत पाचोळा भरायचा
आणि खालून न्हाणीघराकडे सरकायचा.
एका वर्षी दारातल्या चपलांच्या फळीतून
कोंब वर आला, केसाळ, टोकदार,
आणि नवऱ्याचा डावा बूट
त्याने सकाळपर्यंत कलता केला होता.

अठरा वर्षं भांडले मी.
भांडले म्हणजे,
दर नव्या वर्षाला त्यांना शुभेच्छापत्र पाठवायचे,
ससा असो, ड्रॅगन असो, ज्या वर्षाचा जो प्राणी,
आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरात एक ओळ:
बांबूचं बघा.
त्यांचंही पत्र यायचं. तोच प्राणी. खाली:
बघतो.

एप्रिलमध्ये मात्र माझी तक्रार नसायची.
एप्रिलमध्ये उजाडायच्या आत
मी अनवाणी माती चाचपत फिरायचे.
तळव्याला टोचलं, की तिथे कुदळ.
उजेड पाहिलेला कोंब कडवट होतो,
त्याला अंधारातच गाठावं लागतं.
मग कोंड्याच्या पाण्यात तासभर उकळायचा,
भातात शिजवायचा
आणि खिडक्या लावून घेऊन जेवायचं,
जणू पलीकडे राहणाऱ्या माणसाला नाकच नव्हतं.

नवरा गेला. मग तीन वर्षांनी तोकुनागा.
मुलगा सप्पोरोला, घराला कुलूप,
बांबूला तर आता रानच मोकळं.
मी मुलाला पत्रं लिहिली. तीन.
उत्तर नाही.
शेवटी नगरपालिकेचा ओगाता आला,
पोरगेलासा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला.
म्हणाला, नियम बदललाय, काकू.
विचारूनही मालक गप्प राहिला, तर आता फांदीही तोडता येते.

आणि मूळ?

मूळ तर तुम्ही केव्हाही तोडू शकत होतात.

मी त्याला चहा दिला.

शनिवारी दोन माणसं आली, करवत घेऊन.
दुपारपर्यंत एवढं आभाळ मोकळं झालं
की मला ओशाळल्यासारखं झालं.
मग हद्दीवर खणायला लागले, आणि
हातभर खोलीवर कुदळ खणकन वाजली.
पत्रा.
उभा पुरलेला. त्याला जोडून दुसरा, तिसरा,
जुने गंजून चाळण झालेले, त्यांना आतून नव्यांचं ठिगळ,
सांध्यांवर डांबर.
कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
एक माणूस जमिनीखाली भिंत बांधत होता,
दरवर्षी थोडी,
आणि मला लिहीत होता, बघतो.

फक्त माझ्या स्वयंपाकघरासमोर
पत्रा नव्हता.
ओगाताने टेप लावली. बावन्न सेंटिमीटर.
मी वाकून हाताने मोजलं. अडीच वीत.
तिथून मुळं आली होती, मनगटाएवढी,
एकमेकांच्या अंगावरून,
गावात एकच पूल असावा तशी.

इथे पत्रे संपले असतील, ओगाता म्हणाला.

असतील, मी म्हटलं.

तोडलेल्या बुंध्यांमधून पहिल्यांदाच
त्यांची मागची शेड दिसत होती.
भिंतीला टेकवलेले तीन पत्रे,
कोरे, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.
ओगाता खाली बघून टेप गुंडाळत होता.

एवढीच जागा उरलीय, तो म्हणाला,
आत्ताच बुजवून टाकू?

माणसं कुदळी टेकवून उभी होती.
मार्चचा शेवटचा आठवडा.
माती कोमट व्हायला लागली होती, चपलेतूनही कळत होतं.

बघते, मी म्हटलं.