उशिराचं खातं

उशीर माझ्याकडे होता.
घोडे आणि चिलखतं बोरोकाकडे,
दलदल एका शिकाऊ मुलाकडे,
तोफा केवेकडे, जो इतिहासातली पीएचडी अर्धी टाकून आलेला.
आणि ट्रान्सिल्व्हेनियाची फौज किती दिवस मागे राहील
हे ठरवणारा एक आकडा
माझ्याकडे.

पेच नावाच्या शहरात आमचं ऑफिस,
खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान.
इथून मोहाच पाऊण तासावर.
पंधराशे सव्वीस, ऑगस्टची एकोणतीस,
दुपार कलल्यावर सुरू झालं, दोनेक तासांत आटोपलं.
राजा ओढ्यात बुडाला.
आजही आमच्याकडे कुणाची बस चुकली, दूध उतू गेलं
की म्हणतात, मोहाचला याहून जास्त गेलं.
असं म्हणत म्हणत
पाचशे वर्षं आम्ही दूध पुसतोय.

पहिल्या आवृत्तीत मी आकडा खरा ठेवला.
चारशे डाव खेळवले, चारशे वेळा पानिपत.
एकानं लिहून कळवलं, हरायचंच असेल
तर माउस कशाला, मेणबत्ती द्या.

दुसऱ्या आवृत्तीत आकडा मोकळा सोडला.
बेंदेगूझ, वय पंधरा,
नाश्त्याआधी लढाई जिंकला,
जेवणापर्यंत इस्तंबूल,
दिवेलागणीला डॅन्यूबमध्ये हत्ती उतरवले.
भारी आहे, म्हणाला,
आणि परत कधी उघडला नाही.

केवे दोन्ही वेळा चष्मा पुसत तेच बोलला,
आत्याबाईला मिशा असत्या तर –
आणि वाक्यही अर्धं टाकून
कॉफी आणायला गेला.

मग लोरिंत्सकाका.
मोहाचच्या तरीवर एकतीस वर्षं दोर टाकला, दोर ओढला.
आता गुडघे गेलेले, भाच्याचा जुना लॅपटॉप.
आमच्या यादीत ते आले कसे, कुणालाच माहीत नाही.
त्यांचे डाव मी रात्री उघडून बघायचे.
सगळे हरलेले.
पण प्रत्येकात एकच खटाटोप:
पायदळाची एक तुकडी, क्रमांक चौदा,
पहिल्याच मिनिटाला दलदलीपासून दूर न्यायची.
गेम तिला परत रांगेत ओढायचा. मीच लिहिलेला नियम.
ते परत न्यायचे.
एका डावात सदतीस वेळा.
ना हल्ला, ना तोफ. राजाकडे तर ढुंकूनही नाही.

मी फोन केला. काका, जिंकायचं नाही का?

जिंकून काय करू, बाई?
कालवा खणताना हाडं निघाली तेव्हा
मी सोळाचा होतो, फावडं माझ्या हातात.
एकाचे दात सगळेच्या सगळे शाबूत.
माझ्याच वयाचा असणार.
तुमचं राज्य जाऊ दे, ते जाणारच.
पण तिथून बाजूला व्हायचं बटण का नाही?

तिसरी आवृत्ती.
आकडा पुन्हा खरा केला.
ट्रान्सिल्व्हेनिया येत नाही. ओढा फुगतो. राजा बुडतो.
फक्त दलदलीच्या कडेनं
बारा चौकटींची एक पायवाट घातली,
कुठल्याच जुन्या नकाशात नसलेली.
केवे म्हणाला, पुरावा?
म्हटलं, निसटलेले पुरावा ठेवत नाहीत.
तो गप्प बसला.
दुसऱ्या दिवशी बघते तर पायवाटेवर त्यानं चिखल वाढवलेला,
दर चौकटीला तीन माणसं कमी.
मी तो तसाच राहू दिला.

काल रात्री काकांचा डाव आला.
लढाई गेली. बुडा पेटलंय.
तुकडी चौदा, शिल्लक एकशे सहा.
खाली गेमनं विचारलंय, नवा डाव मांडायचा?
त्यांनी उत्तर दिलेलं नाही.
एकशे सहा जण डॅन्यूबच्या काठाशी उभे आहेत, चिखलानं माखलेले,
पलीकडे बघत.

आणि तर कधी येणार
हे अजून
माझ्याकडे आहे.