धातू किती

ठोका चुकतो तो रात्री दोनला,
कूलरची मोटर अडखळून पुन्हा लागते नेमकी तेव्हाच,
म्हणून आधी मी मोटरलाच दोष देत राहिले.
नवतपातली नागपूरची रात्र, खसाचा ओला वास,
आणि छातीत एक पायरी गायब.
अंधारात जिना उतरताना पाय हवेत पडावा तसं,
मग पुढचा ठोका धप्पकन,
दुप्पट वजनाचा.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी चोवीस तास
तारा चिकटवून घरी पाठवलं.
सहाशे बारा जादा ठोके निघाले.
"भिऊ नका, उगाचचे पाहुणे आहेत," त्या म्हणाल्या,
"मॅग्नेशियम जरा कमी दिसतंय, घेऊन बघू.
पण आधी क्रिएटिनिन करा. किडनी शाबूत असली तरच."
कोणतं घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहायला त्या विसरल्या,
किंवा मीच विचारायला.

मेडिकलमध्ये निखाड्यांचा पोरगा
काचेवर चार डबे मांडतो:
ऑक्साइड, सायट्रेट, ग्लायसिनेट, टॉरेट.
"काकू, हे घ्या नं, सगळे हेच घेऊन राहिले.
झोप बी येते, पोटऱ्यातले गोळे बी जातात,
टेन्शन तर समजा राहतच नाही."
डब्यावर लाल हृदय, त्यातून उधळलेला घोडा.
मी चष्मा सारखा करते, डबा उलटा करते.
"पाचशे लिहिलंय. यात धातू किती?"
"म्हणजे?"
"क्षाराचं वजन पाचशे, की मॅग्नेशियमचं?"
तो डब्याकडे बघतो, मग पंख्याकडे.

बाळा, एकतीस वर्षं हा एकच प्रश्न
मी कांद्रीच्या खाणीवर दगडांना विचारला.
काळा, जड, हाताला काजळी लावणारा दगड यायचा.
कंत्राटदार म्हणायचा, "पन्नास टक्के आहे मॅडम, डोळे मिटून लिहा."
मी डोळे उघडे ठेवून ब्युरेटमधून थेंब सोडायची
गुलाबी रंग टिकेपर्यंत.
मँगनीज वरच्या ओळीत, ठळक. त्याचेच पैसे.
मॅग्नेशियम पार खाली,
सिलिका नि चुन्यासोबत, अशुद्धीच्या रांगेत,
दशांश चिन्हामागचे दोन आकडे
जे कुणी वाचत नसे.
एकदा घाईत मी ते मागच्या महिन्याचेच उतरवले.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता त्याच खालच्या ओळीपाशी उभी आहे
हातात पिशवी घेऊन.
चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडते:
ऑक्साइडमध्ये धातू शेकडा साठ, किंमत सगळ्यात कमी,
पण अंगी लागतो थोडा,
बाकीचा पोट धुऊन निघून जातो.
ग्लायसिनेटमध्ये जेमतेम चौदा,
पण आहे तो आत शिरतो म्हणे, भांडण न करता.
खाणीवर असं नव्हतं. तिथे जास्त म्हणजे जास्तच.
घोड्याच्या डब्यावर धातू किती ते कुठेच नाही.
घोडा परत.

"तो तिसरा बाजूला ठेव. ठवकर नाव घाल.
रिपोर्ट संध्याकाळी येईल, मग नेते."
"काकू, एवढा विचार कोणी करत नाही जी."
"म्हणून तर कंत्राटदाराची माडी झाली."
तो हसतो. समजलं नसावं.

क्रिएटिनिन ठीक आलं. रात्री जेवणानंतर एक गोळी,
खडूसारखी, बेचव.
तिने लगेच काही केलं असेल असं मी म्हणणार नाही;
एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

दोन वाजता बोटं मनगटावर.
एक, दोन, तीन, चार,
आणि तो.
मोकळा.
ब्युरेटच्या तोंडाशी शेवटचा थेंब असाच लोंबायचा,
पडू की नको,
तेव्हा लांजेवारसुद्धा गुणगुणणं थांबवायचा.
घाई केली की वाचन चुकतं.
मी घाई करत नाही.

पडला.