रकाना क्रमांक सात

मी रेल्वेचा माणूस नाही.
टोपी नाही, पगार नाही, पास नाही.
दर सोमवारी कुडचड्याला जातो,
रोख मोजून तिकिटांचे गठ्ठे विकत आणतो
आणि हॉल्टच्या खिडकीतून विकतो.
शंभरामागे पंधरा माझे.
तेव्हा खासगीकरण म्हणजे काय, ते मला विचारा.
ते स्टुलावर बसतं, घरून डबा आणतं
आणि खिडकीची कडी तुटली
की पदरच्या पैशानं बसवतं.

तशी ही लाइन घातली तीही कंपनीनंच.
हमी लिस्बनची, भागधारक लंडनचे,
मुरूम वाहणारे आमचे.
नफा म्हणे कधी झालाच नाही.
पण मीठ घाटावर चढलं, मिरची खाली उतरली,
आणि माझी पणजी
लोंढ्याहून या गावात नांदायला आली.
हे कुठल्या खात्यात मांडलं, ठाऊक नाही.

माघात सल्लागार कंपनीची मुलगी आली.
ऋजुता नाव, हातात टॅब, पायात नवे बूट.
रकाना क्रमांक सात: प्रवासाचा हेतू.
नोकरी, व्यापार, शिक्षण, पर्यटन, इतर.
एकच निवडा.

आंतोनेत बांगड्यांची पाटी घेऊन उतरली.
व्यापार.
पण पाटीच्या तळाशी, केळीच्या पानाखाली,
वरच्या वाड्यावरच्या तिघींच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात.
त्याचे ती पैसे घेत नाही, शिव्या घेते,
उशीर झाला म्हणून.

शेवंती वेळीप रोज पोराला घेऊन मडगावला जाते,
बहिऱ्यांच्या शाळेत.
शिक्षण, मुलगी म्हणाली, आणि बोट टेकवलं.
मी म्हटलं, थांब बाय, गाडी येऊ दे.
गाडी आली. सोयरू दारात उभा.
त्यानं बोटं हलवली
आणि आख्ख्या डब्यानं बोटांनीच उत्तर दिलं.
पोस्टमननं, दोन नर्सबाईंनी,
खाण बंद पडल्यापासून नुसता जाऊन येणाऱ्या कायतानने.
चार वर्षांत शिकलेत सगळे.
हे शिक्षण कुणाचं धरायचं?
मुलीनं 'इतर' दाबलं. टॅब म्हणाला, तपशील द्या.

मधे कोळशाची मालगाडी गेली, अठ्ठावन्न वाघिणी.
तिला कुणी हेतू विचारत नाही.
तिच्यासाठी दुसरा रूळ येतोय,
झेवियरच्या पडवीपासून नऊ पावलांवर.
शनिवारी काचेच्या छपराचा डबा जातो,
दूधसागर बघायला.
त्यातली माणसं वर बघतात.
आम्ही बाजूला असतो.

मग नोटीस आली:
रोजची सरासरी पंचवीस तिकिटं,
नाहीतर हॉल्ट बंद.
फाल्गुनात आमची एकोणीस होती.

चैत्रात एकतीस झाली.
गाडीत चढणारी माणसं तेवढीच.

पोदेर सायकल न थांबवता, एक पाय टेकून,
दोन वास्को घेतो, खिशात कोंबतो,
भोंपू वाजवत चढावाला लागतो.
देवळातले भटजी एक सावर्डे घेतात.
शाळेच्या बाई म्हणतात, पाच द्या, कुठलीही.
कायतान जोडीनं काढतो,
एक त्याचं, एक फिलोमेनाचं,
जी तीन वर्षं सिमितेरीत आहे
आणि जिवंतपणी गाडी लागते म्हणून बसनं जायची.

या न बसलेल्या माणसांवरही
मला शंभरामागे पंधरा मिळतात.
पहिला आठवडा घेतले, खोटं कशाला बोलू.
घासलेटाची उधारी होती.
आता त्या पंधराचीही तिकिटं काढतो,
कुळे, साधं, एकेरी,
आणि पत्र्याच्या डब्यात टाकतो.
डबा भरत आलाय.

परवा ऋजुताचा फोन आला.
काका, तुमच्याकडे तिकिटं जास्त, डोकी कमी.
आकडे जुळत नाहीत.
मी म्हटलं, नाही जुळत.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, शेवंतीच्या पोराचं नाव कसं लिहायचं?

आज सकाळची गाडी वीस मिनिटं उशिरा.
सुटताना सोयरूनं दारातून
मला एक नवीनच खूण केली.
मूठ छातीशी, मग दोन बोटं वर.
मला कळली नाही.
मी तीच खूण उलट केली, अंदाजानं.
डबाभर हसला.
उद्या शेवंतीला विचारीन,
सोमवार आहे, गठ्ठेही आणायचेत.