मोरी : एक दिवा

मुहर्रकला बू-राशिदच्या घरी
आधी कहवा, मग बोर्ड.
खजुराची बी गालात घोळवत मी भिंती वाचतो.
रंग गेल्या ईदचा,
स्विचच्या कडेला मात्र तपकिरी डाग,
चहा सांडून पुसायचा राहिल्यासारखा.
वरून कीर्तन, आतून...
पुढचं बोलत नाही, यजमान समोर बसलेत.

"बेटा, खरं सांग," ते म्हणतात,
बंदरावर कारकुनी करताना उचललेल्या हिंदीत,
"दोन कंपन्या येऊन गेल्या.
एक म्हणते सगळं उपटा,
एक म्हणते चार सॉकेट बदला, अल्लाचं नाव घ्या."

सॉकेट बदलायला मला अर्धा दिवस.
सगळं उपटायचं तर सतरा दिवस, भिंतीभर चरे,
आणि नऊ माणसांनी ऑगस्टात
एसीवाचून जायचं कुठे?
मी विचारतो, झटका कुणाला बसलाय का?
ते सुनेकडे बघतात. सून वॉशिंग मशीनकडे.
"थोडासा. मुंग्या आल्यासारखा."
कधीपासून?
"रमझानच्या आधीपासून."

शिबू मेन पाडतो.
इतका वेळ घर गुणगुणत होतं
हे ते गप्प झाल्यावर कळतं.
शिडीवर चढून मी सागवानी पट्टी उकलतो.
आत रबरी वायर, वर सुताचं विणकाम.
बोटानं जरा वाकवली
तर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी
साल हातात आली.
आतलं तांबं लख्ख.
जोड मात्र बघा: प्रत्येक पीळ डाग दिलेला,
प्रत्येकावर पट्टी, कुठे घाई नाही.
हल्ली आम्ही असे देत नाही.

मग बोर्डाचं दार.
आतल्या अंगाला, काळ्या रंगात, बारीक ब्रशनं:
बैठक : दोन दिवे, एक पंखा
माजघर : एक दिवा
जिना : एक दिवा
मोरी : एक दिवा
आणि खाली,
द. भि. खवणेकर, वायरमन.
मजुरी रुपये पंच्याऐंशी पोचली.

रुपये. म्हणजे दिनाराच्याही आधी.

"काय लिहिलंय ते?" बू-राशिद शिडीला टेकतात.
"आई म्हणायची, तावीज असेल, पुसू नका.
तीन वेळा रंग काढला घराला,
एवढी फळी सोडून."
मी वाचत जातो, एकेक ओळ हिंदीत फिरवत,
आणि मोरीपाशी अडतो.
बाथरूम नव्हे. न्हाणीघरही नव्हे नीटसं.
एक कोपरा, एक दगड, भिंतीत भोक, पाणी जायला.
सून म्हणते, "तिथंच तर मशीन आहे."

मेगर लावतो, दांडा फिरवतो.
काटा अनंताकडे निघायला हवा.
तो शून्याच्या उंबऱ्यावरून हलत नाही.
पुन्हा फिरवतो. शिबू माझ्याकडे बघतो.
पुन्हा.

पाच दिवे, एक पंखा:
एवढ्याचं अंथरूण शिवलं होतं खवणेकरांनी, मापात.
पाय वाढत गेले.
सहा एसी, दोन फ्रीझर, जावयाचं ट्रेडमिल,
आणि अर्थिंगची तार, जी तेव्हा कुणी मागितली नाही,
ती आजही नाही.

अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो.
मी लिहितो : काम जुने.
खोडतो. लिहितो : लोड.
सगळं बदला, म्हणतो मी, बू-राशिद,
अर्धं नको. आधी मागचा भाग, मग बैठक,
तोवर सगळे पुढच्या खोल्यांत दाटीवाटीनं झोपा.
ते बराच वेळ मिशीवरून बोट फिरवतात.
"आणि तावीज?"
नव्या बोर्डाला लाकडी दार चालत नाही, मी सांगतो.
"ते मी विचारलं नाही," ते म्हणतात.

जाताना मेन चढवला,
मोरीचा फ्यूज तेवढा काढून घेतला
म्हणजे कुणी चुकून मशीन लावायला नको.
रात्री खोलीवर शर्ट टांगताना खिसा ओढला गेला.
चिनी मातीचा, मुठीएवढा जड.
उद्या परत द्यायला हवा, असं म्हणत
उशाशी ठेवला.