डबल बेल

चौतीस वर्षं मी "पुढे सरका, पुढे सरका" म्हणालो.
सावदा–रावेर, सावदा–यावल, मुक्कामी भुसावळ.
दोरी ओढून ओढून बोटाला घट्टा पडला,
तो अजून आहे.
म्हातारं माणूस दारात रेंगाळलं
की मी पंच वाजवायचो, टिक् टिक् टिक्.
"आटपा बाबा, गाडी काय तुमच्या घरची आहे?"

आता पंच्याहत्तर पूर्ण. प्रवास फुकट.
शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, छापील,
पण ते घ्यायला आधी आत शिरावं लागतं
आणि पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर आहे.
चौतीस वर्षं तिच्यावर उभा होतो.
तिची उंची मी कधी पाहिलीच नव्हती.

दोन उन्हाळे ओसरीतच गेले.
समोरून केळीचे ट्रक जायचे दिल्लीला,
घडांनासुद्धा खाली पाला अंथरून, हाताहातानं चढवलेलं.
मी बघायचो.

मग रऊफ मणियारची नसीम
बॅटरीची रिक्षा घेऊन आली दारात.
"चला काका, चिनावल."
"चिनावलला माझं काय आहे?"
"तुमचं नाही. भागाबाईंची बहीण आहे.
त्या एकट्या यायला घाबरतात."

भागाबाई कोल्हे, वय एक्क्याऐंशी,
मांडीवर डबा, डब्यात वरण-बट्टी,
बहिणीला चार वर्षं भेटलेली नाही.
अंतर? कोस-दीड कोस.
"मोबाईलवर तोंड दिसतं रे भो," म्हणाली,
"पण तोंडावरून हात फिरवता येत नाही ना."

पुढच्या फेरीला गुलशेर तडवी आला, काठी घेऊन,
डोळ्यांच्या दवाखान्यात, फैजपूरला.
मग नेहेते गुरुजी. त्यांना कुठेच जायचं नव्हतं,
सुकी नदीच्या पुलापर्यंत नेऊन परत आणा, म्हणाले,
पैसे दोन्हीकडचे घ्या.

रिक्षा आवाज करत नाही.
केळीच्या बागेतून जाताना ठिबकची टपटप ऐकू येते,
आणि बाया आपापसात काय बोलतात तेही,
जे मला बसमध्ये कधी ऐकू आलं नाही.
वखारीच्या पत्र्यावर नसीमनं पाट्या बसवल्यात,
दुपारी ऊन तिथे भरून घेते.
खानदेशात ऊन तेवढं उधार मागावं लागत नाही.

एकदा बॅटरी संपली, निंभोरा फाट्यावर.
सगळे लिंबाखाली उतरले. कोणी चिडलं नाही.
गुलशेरनं काठीनं धुळीत काहीतरी रेघा मारल्या,
भागाबाईनं शेंगदाणे काढले.
मी मात्र फाट्याकडे बघत राहिलो.

ह्याच फाट्यावर, उन्हाळ्यात, खूप वर्षांपूर्वी,
एक आजोबा. धोतर, डाव्या हातात चपला.
एक पाय पायरीवर, दुसरा उचलत नव्हता.
लग्नसराई, गाडी खच्चून भरलेली, वेळ झालेली.
मी त्यांचा हात दांडीवरून सोडवला,
"मागची येतेय," म्हणालो,
आणि डबल दिली.
मागची नव्हती. मला माहीत होतं.
आरशात ते तसेच उभे होते, चपला हातात,
गाडी वळेपर्यंत.

हे मी लिंबाखाली कोणाला सांगितलं नाही.
नसीमनं विचारलं, "काका, पाणी?"
मी म्हटलं, दे.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून
केळीच्या जुन्या खोक्याच्या फळ्यांचा पाट करून घेतला,
वीतभर उंच, खाली रबर ठोकलेलं.
रिक्षाची पायरी तशी खालीच आहे,
पण कोणाकोणाला तेवढीही होत नाही.

आता पुढच्या सीटवर, नसीमच्या बाजूला, मी.
गाडी थांबली की उतरतो, पाट ठेवतो,
हात देतो, डबा घेतो, काठी घेतो,
गुडघे माझेही कुरकुरतात, कुरकुरू देत.
मग पाट उचलून मांडीवर.
भाडं ती घेते. मी हिशेब विचारत नाही.

परवा ती हसून म्हणाली,
"काका, बसले सगळे. द्या डबल."
दोरी तर नाहीच इथे. तरी बोट वर गेलं,
हवेतच थांबलं.
मागे वळून बघितलं.
भागाबाई अजून पदर सावरत होत्या.

थांब, म्हटलं. थांब जरा.